नर्सिंगची नोकरी: छोटं हॉस्पिटल की मोठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागतो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येते आणि घरात वाद सुरू होतो. तालुक्याच्या गावी ओळखीच्या डॉक्टरांकडे तीस खाटांवर काम करायचं, की पुण्या-मुंबईला पाचशे खाटांच्या हॉस्पिटलात जायचं? मी दोन्हीकडे ड्युट्या केल्या आहेत. नंतर नव्या मुलींना वॉर्डात उभं करण्याचं कामही केलं. त्या मुली, त्यांचे आईवडील आणि कधीकधी होणारे सासरचे लोक जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत.

पहिली नोकरी कुठे करावी? सरळ सांगा.

जिथे पहिले सहा महिने तुमच्या पाळीत, विशेषतः नाइटला, तुमच्याहून अनुभवी आणि नोंदणी असलेली सिस्टर सोबत असेल तिथे.

हे मोठ्या हॉस्पिटलात आपोआप मिळतं असं नाही. कॉर्पोरेट हॉस्पिटलांत जुना स्टाफ परदेशी किंवा सरकारी नोकरीत निघून जातो आणि वर्षभराची सिस्टरच ‘सीनियर’ म्हणून नव्या मुलीला कामाला लावते, असं सर्रास दिसतं. उलट एखाद्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात पंधरा-वीस वर्षं टिकून राहिलेली इनचार्ज सिस्टर असते. तिच्या हाताखाली एक वर्ष काढलं तर पुढे कुठल्याही आयसीयूत उभं राहायची भीती वाटत नाही. अर्थात अशी सिस्टर असलेली छोटी हॉस्पिटलं कमी. म्हणून दोन्ही पर्यायांबद्दल काहीच माहिती नसेल तर मी मोठ्याकडे किंवा शंभर-दोनशे खाटांच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलाकडे बोट दाखवेन. हे मधल्या आकाराचं हॉस्पिटल लोकांच्या लक्षातच येत नाही. तिथे शिकवण्याची घडी बसलेली असते आणि मेट्रनला (मुख्य सिस्टरला) तुमचं नावही ठाऊक असतं.

‘छोटं’ म्हणजे नेमकं किती खाटांचं?

बोर्डावरचं ‘मल्टिस्पेशालिटी’ वाचून काही कळत नाही. चार खोल्यांच्या दवाखान्यावरही ते लिहिलेलं असतं. खाटा किती ते विचारा. गुणवत्ता मानांकन देणारं एनएबीएच पन्नास खाटांपर्यंतच्या रुग्णालयांना छोट्या संस्थांच्या वेगळ्या निकषांवर तपासतं. तो आकडा धरून चालायला हरकत नाही, कारण पुढे नोकरीच्या अर्जातही पन्नास खाटांची रेघ आडवी येते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आणखी एक. गाव छोटं म्हणून हॉस्पिटल छोटं असं समीकरण महाराष्ट्रात जमत नाही. मिरजेचं वानलेस १८९४ मध्ये सुरू झालं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, लोणीचं प्रवरा, कोकणात डेरवणचं वालावलकर ही सगळी मोठी हॉस्पिटलं गावाकडेच उभी आहेत. राहण्याचा खर्च कमी आणि केसेस भरपूर. शहर नको असलं तरी मोठं हॉस्पिटल हवं असेल, तर आधी यांच्याकडे चौकशी करा.

छोट्या हॉस्पिटलात ‘सगळं’ शिकायला मिळतं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. पावसाळ्यात तालुक्याच्या हॉस्पिटलात एक नाइट काढून पाहा. लेबर रूममध्ये पहिलटकरीण कळा देत असते, तेवढ्यात शेतातून कीटकनाशक प्यायलेला पेशंट येतो, पहाटे भात लावणीवरून सर्पदंशाची बाई येते. मोठ्या शहरात प्रसूतीची सिस्टर वेगळी, कॅज्युअल्टीची वेगळी. इथे तिन्हीकडे तुम्हीच.

सर्पदंशाचंच घ्या. कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून ते गोठलं का पाहायचं, ही साधी चाचणी सिस्टरच्या हातची असते. पापण्या जड होत आहेत का, मान धरता येते का, बोलताना आवाज बदलला का, हे दर थोड्या वेळाने पाहणारीही तीच. विषप्रतिबंधक लस सुरू केली की अॅड्रेनालिन भरून बाजूला ठेवायचं, कारण रिअॅक्शन आली तर शोधाशोध करायला वेळ नसतो. हे सगळं पाचशे खाटांच्या शहरी हॉस्पिटलात काही वर्षं काढूनही हाताखालून जाणार नाही, असं होऊ शकतं. आणि छोट्या ठिकाणी फक्त ‘किरकोळ’ काम होतं हा समज असेल तर महाड आठवा. विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याचं डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम रायगड जिल्ह्यातल्या पेशंटांवर झालं आणि ‘लॅन्सेट’पर्यंत पोचलं. अशा केसमध्ये दर थोड्या वेळाने नाडी-बीपी घेऊन लिहिणारं कुणीतरी खाटेपाशी लागतंच.

आता दुसरी बाजू. सगळं करायला मिळणं आणि सगळं बरोबर शिकणं यांत अंतर आहे. छोट्या हॉस्पिटलात चुकीची पद्धत पकडायला कुणी नसतं. एकाच सिरिंजने दोन औषधं ओढणं, सलाईनच्या बाटलीत हवेसाठी सुई खुपसून ठेवणं, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर चहाचा कप ठेवणं या सवयी जिथे चालून जातात, तिथे त्या तुमच्याही हाताला लागतात. तीन वर्षांनी मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर त्या सोडवताना फार त्रास होतो. तिथे आल्या आल्या व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, सिरिंज पंप पाहून गांगरायला होतं, पण ते महिन्याभरात शिकता येतं. सवयी महिन्याभरात जात नाहीत.

मोठ्या हॉस्पिटलात एकाच वॉर्डात अडकून पडायला होतं का?

होतं. डायलिसिसला टाकलं तर चार वर्षं डायलिसिसच. कागदपत्रंही प्रचंड: पडण्याचा धोका किती, वेदना किती, बेडसोरचा धोका किती, प्रत्येकाचा स्कोअर, प्रत्येक पाळीत. एनएबीएचचं इन्स्पेक्शन जवळ आलं की पेशंटपेक्षा फाइलचीच सेवा जास्त होते, हे आम्ही सगळ्या सिस्टर हसत हसत म्हणतो आणि ते खोटं नाही.

पण त्या कागदांमागे काहीतरी आहे. हेपरिन, इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड देण्याआधी दुसऱ्या सिस्टरने तपासून सही करायची, हा नियम मोठ्या ठिकाणी अंगात मुरतो. बीएलएस आणि एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण बहुतेक वेळा हॉस्पिटलच करून देतं. चूक झाली तर इन्सिडंट फॉर्म भरायचा असतो. चांगल्या मेट्रनच्या हाताखाली तो फॉर्म भरणाऱ्या मुलीला ओरडा बसत नाही. हृदयशस्त्रक्रिया, किडनी प्रत्यारोपण, नवजात बालकांचा विभाग, कॅन्सर या कामांची नर्सिंग मोठ्या हॉस्पिटलाशिवाय शिकता येत नाही, हेही उघड आहे.

अडकून पडायचं नसेल तर इंटरव्ह्यूतच विचारा: विभाग किती महिन्यांनी बदलतात? ‘गरजेप्रमाणे’ असं उत्तर आलं तर समजायचं, बदलत नाहीत.

एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?

भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण रुग्णालयांसाठी तीन खाटांमागे एक नर्स आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांसाठी पाच खाटांमागे एक नर्स असा आहे. शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा पदं. ऐकायला छान वाटतं. पण हा हिशेब एकूण पदांचा धरला तर ती माणसं तीन पाळ्यांत वाटली जातात. तीस खाटांना दहा सिस्टर म्हणजे एका पाळीत तीन, म्हणजे निकष पाळूनही एकीकडे दहा पेशंट. आणि ३० टक्के जादा पदं भरलेली क्वचितच दिसतात. त्यामुळे कुणी आजारी पडलं की डबल ड्युटी आलीच.

सरकारी मोठ्या रुग्णालयांत, पालिकेच्या हॉस्पिटलांत, वॉर्डातल्या जमिनीवरही गाद्या टाकाव्या लागतात आणि नाइटला दोन सिस्टर तो वॉर्ड ओढतात. छोट्या खासगी हॉस्पिटलात पेशंट दहाच असतील, पण त्यांत एक डिलिव्हरी आणि एक सिझर नुकतंच झालेलं असेल, आणि तुम्ही एकट्या. त्यामुळे इंटरव्ह्यूमध्ये ‘किती पेशंट’ एवढंच विचारून भागत नाही. ‘नाइटला या मजल्यावर नोंदणी असलेल्या किती सिस्टर असतात’ असं विचारा आणि ‘स्टाफ’ या शब्दावर समाधान मानू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

आमच्या हॉस्पिटलात अप्रशिक्षित मुली इंजेक्शनं देतात आणि सही मला करायला लावतात. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो जवळजवळ नेहमी छोट्या हॉस्पिटलातूनच येतो. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना डॉक्टर चार-सहा महिन्यांत सलाईन लावायला शिकवतात. त्यातल्या कित्येकींचा हात नव्या जीएनएमपेक्षा चांगला बसलेला असतो, हेही मान्य करायला हवं. मुली वाईट नसतात. पण कायद्याच्या दृष्टीने त्या नर्स नाहीत.

औषध ज्याने दिलं त्याचीच सही, हा नियम सोडू नका. पेनिसिलिनची रिअॅक्शन आली, चुकीच्या पेशंटला औषध गेलं, तर चौकशीत चार्टवरचं नाव आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक तुमचा निघतो. ‘मी दिलंच नव्हतं’ हे तेव्हा कुणी ऐकत नाही. सरांशी भांडण न करता पहिली पायरी अशी: त्या मुलींनी टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), स्वच्छता, पेशंट हलवणं, सामान भरणं करावं, इंजेक्शनं आणि रक्त तुमच्याकडे राहावं, असं वाटप सुचवा. बरेच डॉक्टर हे ऐकतात, कारण धोका त्यांनाही आहे. नाहीच ऐकलं तर नवी नोकरी शोधायला लागा. या एका मुद्द्यावर मी कुणालाही ‘जमवून घे’ असं सांगत नाही.

रात्री डॉक्टर फोनवरच ऑर्डर देतात. ती पाळायची का?

छोट्या हॉस्पिटलात मुख्य डॉक्टर घरी असतात, आरएमओ (हॉस्पिटलात मुक्कामी राहणारा डॉक्टर) असला तर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. तेव्हा फोन ऑर्डर टाळता येत नाही. ती घ्यायची रीत मात्र पक्की ठेवा. ऐकतानाच लिहा. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा: पेशंटचं नाव, औषध, डोस, मार्ग. ‘पंधरा’ की ‘पन्नास’ असा गोंधळ फोनवर सहज होतो, म्हणून आकडा सुटा सुटा उच्चारा: एक-पाच, पाच-शून्य. वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहा आणि सकाळच्या राउंडला सही घ्याच. व्हॉट्सअॅपवर मेसेज मागवणं हा चांगला मार्ग झाला आहे, फक्त तो मेसेज पुसू नका.

सर फोन उचलत नसतील तर काय, हे ड्युटी सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. दुसरा नंबर कुणाचा? पेशंट खालावला तर १०८ ला फोन करायचा अधिकार सिस्टरला आहे का? जिथे ‘मला विचारल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही’ असं सांगतात आणि रात्री फोनही बंद असतो, तिथे नवख्या मुलीने एकटीने नाइट घेऊ नये.

मोठ्या हॉस्पिटलात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. रेसिडेंट डॉक्टर हजर असतात, पण तेही नवखे असतात आणि सहा जणांच्या सहा ऑर्डरी एकमेकींवर येतात. तिथे इनचार्जला मध्ये घ्या.

पगारात किती फरक पडतो?

तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलांत नव्या जीएनएमला दहा-पंधरा हजारांच्या आसपास सुरुवात आजही ऐकू येते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत साधारण त्याच्या दुप्पट. पण हिशेब हातात किती उरतं याचा करा. समजा, शहरात चोवीस हजार मिळाले. भाडं, मेस, लोकल किंवा बस धरून बारा-तेरा हजार गेले. गावी चौदा हजार आणि जेवण आईच्या हातचं. म्हणजे गावी उलट दोन-तीन हजार जास्तच उरतात. हॉस्टेल देणारं मोठं हॉस्पिटल असेल तर पारडं झुकतं, म्हणून हॉस्टेलची चौकशी पगाराइतकीच नेटाने करा.

खाटांचा आणि पगाराचा संबंध कागदावर जोडला गेला आहे, हे अनेकींना माहीत नसतं. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या स्थितीवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीच्या शिफारशी अशा: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका, १०० च्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरी किमान २०,००० रुपये. केरळात नर्सेसनी संप-आंदोलनं केली आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी हॉस्पिटलांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे या शिफारशी बहुतेक कागदावरच राहिल्या. तरीही वाटाघाटीच्या वेळी हे आकडे माहीत असलेली मुलगी वेगळी दिसते.

तुलनेसाठी: राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० पासून, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० पासून सुरू होते. भत्ते वेगळे.

पीएफ, ईएसआय, बाळंतपणाची रजा छोट्या ठिकाणी मिळते का?

इथे खाटांपेक्षा कर्मचाऱ्यांची संख्या महत्त्वाची. पीएफ २० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लागू. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) १० किंवा जास्त कर्मचारी आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी.

तीस खाटांच्या हॉस्पिटलात मावशी, मामा, मेडिकलवाला, रिसेप्शन, ड्रायव्हर मोजले तर वीस माणसं सहज होतात. हजेरीपटावर मात्र बारा-तेराच नावं असतात. तुमचं नाव त्या पटावर आहे का आणि पगार बँकेत येतो की पाकिटात, हे पहिल्या महिन्यात पाहा. पाकिटात पगार घेतला तर पुढे अनुभव सिद्ध करतानाही अडचण येते.

छोट्या हॉस्पिटलातला अनुभव सरकारी नोकरीला आणि परदेशात चालतो का?

इथे जरा सावकाश वाचा, कारण यावर दोन-तीन वर्षांचं काम फुकट गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती नॉरसेट परीक्षेतून होते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्यांना मात्र शिक्षण पूर्ण झाल्यानंतर किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव लागतो. पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात तुम्ही पाच वर्षं उत्तम काम केलं असेल, तरी त्या रकान्यात ते बसत नाही. म्हणून जीएनएम असाल आणि एम्स डोक्यात असेल, तर हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्रावर खाटा किती लिहिल्या आहेत ते आधी पाहा. तोंडी ‘साठ बेड’ आणि कागदावर चाळीस असं खूप ठिकाणी असतं.

आखाती देशांसाठी परवाना परीक्षेबरोबर डेटाफ्लोची पडताळणी होते. ते लोक तुमच्या जुन्या हॉस्पिटलाशी थेट संपर्क साधतात. छोटं हॉस्पिटल मधल्या काळात बंद पडलं, डॉक्टरांनी ईमेल पाहिलाच नाही, किंवा दाखल्यावरच्या तारखा रजिस्टरशी जुळल्या नाहीत, तर सगळं अडकतं. भरती करणारे एजंटही शंभर खाटांच्या वरचं हॉस्पिटल आणि आयसीयू, ओटी, डायलिसिससारखा एकच विभाग मागतात. ‘जनरल, सगळं करते’ हा अनुभव तिथे कमी भावाने जातो. ब्रिटनला सीबीटी (संगणकावरची परीक्षा), ओस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) आणि इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेला एनक्लेक्स (परवाना परीक्षा), जर्मनीला जर्मन भाषा. या परीक्षा पास करण्याशी हॉस्पिटलच्या आकाराचा संबंध नाही, पण नोकरी देणारा तुमच्या वॉर्डाचं स्वरूप विचारतोच. परदेशाचा विचार नक्की असेल तर मोठ्या हॉस्पिटलातला एक ठरावीक विभाग धरून बसा.

जॉइन होताना मूळ प्रमाणपत्रं मागतात. बाँडही लिहून घेतात.

मूळ कागद दाखवा, तपासू द्या, परत घ्या. ठेवायला देऊ नका. छोटं-मोठं, दोन्हीकडे हा प्रकार होतो. मुलगी मध्येच सोडून जाऊ नये हा त्यामागचा हेतू, पण कौन्सिलचं प्रमाणपत्र त्यांच्या कपाटात राहिलं तर सरकारी भरतीच्या कागद तपासणीला तुम्ही हजरच राहू शकत नाही. बाँड असेल तर त्याची प्रत मागा. रक्कम, मुदत आणि बदल्यात तुम्हाला काय प्रशिक्षण मिळणार, हे त्यात लिहिलेलं हवं. काहीच शिकवणार नसतील तर बाँड कशाचा?

सरकारी ग्रामीण रुग्णालय हे छोट्यात धरायचं का?

खाटांनी छोटं, नियमांनी मोठं. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, त्याच्या वर ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, वर जिल्हा रुग्णालय. प्रसूती, लसीकरण, सर्पदंश, अपघात, शवविच्छेदनासाठी थांबलेले नातेवाईक, सगळं एकाच दारातून येतं. कायम पद असेल तर पगार, रजा, निवृत्तीचे लाभ शहरातल्या सरकारी सिस्टरइतकेच. कंत्राटी असेल तर काम तेच आणि मानधन कमी. नूतनीकरणाची धाकधूक वेगळीच. तरी नव्या मुलीला प्रसूतीचा हात बसवायचा असेल तर चालू स्थितीतल्या ग्रामीण रुग्णालयासारखी जागा नाही, असं माझं मत आहे. ‘चालू स्थितीतल्या’ हे महत्त्वाचं. जिथे प्रत्येक कळ पुढे रेफर होते तिथे फक्त रेफरची चिठ्ठी लिहायला शिकाल.

नातेवाइकांनी दंगा केला, अंगावर आले तर?

मोठ्या हॉस्पिटलात गेटवर सिक्युरिटी असते, तरी आयसीयूबाहेर राडे होतातच. छोट्या हॉस्पिटलात काउंटरच्या पलीकडे सिस्टर एकटी असते. दुसरीकडे, छोट्या गावात तुम्हाला लोक ओळखतात, आणि मावशींनी ‘अहो पाटील, पोरीला कशाला बोलताय’ एवढं म्हटलं तरी आवाज खाली येतो. ही ओळख उलटीही फिरते. पेशंट दगावला की बाजारात जाताना मान खाली घालावी लागते.

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे आणि त्यात नर्स येते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार हॉस्पिटलने करायला हवी. ‘जाऊ दे, गावातली माणसं आहेत’ म्हणून प्रकरण मिटवणारं व्यवस्थापन पुढच्या वेळीही तेच करेल.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मालक डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात ही गोष्ट माहीत असणं फार गरजेचं.

सुई टोचली तर छोट्या ठिकाणी काय सोय?

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांत मिळाली तर उत्तम, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जवळचं सरकारी रुग्णालय किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं देणारं) कोणतं, हे आजच माहीत करून घ्या. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस नोकरी लागण्याआधीच पूर्ण करा; हॉस्पिटल देईल याची वाट पाहू नका.

लग्न झालंय, मूल लहान आहे. मग?

छोटं हॉस्पिटल बऱ्याचदा सोयीचं पडतं, कारण ड्युटी तोंडी बदलून मिळते. ‘सर, आज शाळेत कार्यक्रम आहे’ म्हटलं की जमतं. पण त्याच तोंडी व्यवहाराने रविवारी दुपारी फोनही येतो आणि नाही म्हणता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलात रोटा (ड्युट्यांचं वेळापत्रक) लिहिलेला असतो. तुमच्या मुलाच्या तापाशी त्याला देणंघेणं नसतं, पण नाइटनंतरची सुट्टी कुणी खात नाही. घरी सासू किंवा आई मूल सांभाळायला असेल तर मोठं जमतं. नसेल तर घराजवळचं बरं. यात मोठी तत्त्वं शोधू नका.

इंटरव्ह्यूला गेल्यावर काय पाहू?

वॉर्ड पाहायचा आहे असं सांगा, आणि जमलं तर संध्याकाळी जा. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) उघडून पाहायला मागा: अॅड्रेनालिनची मुदत संपली आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) मोठ्याची आणि लहानाची दोन्ही आहे का. ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलेंडर कुठे आहे? हात धुवायच्या बेसिनवर साबण आहे का? ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती) पेशंटच्या खाटेपाशी देतात की काउंटरवर बसून? आणि सिस्टर लोक जेवतात कुठे, तेही पाहा. जिथे स्टाफला बसून चार घास खायला जागा नाही, तिथे बाकीच्या गोष्टी विचारायची गरज पडत नाही.

एखादी सिस्टर बाजूला घेऊन ‘किती दिवस आहात इथे’ एवढंच विचारा. सगळ्या जणी सहा-आठ महिन्यांच्याच निघाल्या तर कारण शोधा.

छोट्यातून मोठ्यात जाता येतं का? आणि उलट?

दोन्ही होतं. छोट्यातून मोठ्यात जाताना दीड-दोन वर्षांच्या आत निघालेलं बरं. नंतर पगाराची पायरी खालून चढावी लागते आणि वयाने लहान मुली तुम्हाला शिकवतात, ते पचवावं लागतं. मोठ्यातून छोट्यात गेलेली सिस्टर मात्र सहसा इनचार्ज म्हणूनच जाते. पाच-सहा वर्षं आयसीयू केलेली सिस्टर गावी परतली की त्या हॉस्पिटलाचा कायापालट होताना मी पाहिला आहे: औषधांवर लेबलं लागतात, ओव्हरची वही सुरू होते, सिझरनंतरच्या बाईचं बीपी वेळेवर घेतलं जातं. डॉक्टरांना हे कळतं आणि ते पैसेही मोजतात. त्या वेळी पगार मागताना लाजू नका.

नोकरी सोडताना काय काय घ्यावं?

लेखी राजीनामा आणि त्याच्या प्रतीवर पोच. नोटिशीचा काळ पूर्ण करा. अनुभवाच्या दाखल्यावर जॉइन झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, विभाग, हॉस्पिटलच्या एकूण खाटा, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का आणि चालू असलेला ईमेल हवा. पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. पीएफ असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच पुढच्या ठिकाणी द्या, नवा काढू देऊ नका. सीएनईची (नोकरीत असताना चालू ठेवलेल्या नर्सिंग शिक्षणाची) प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावा, कौन्सिलच्या नूतनीकरणाला दर पाच वर्षांनी ती लागतात. दाखला ‘नंतर पाठवतो’ म्हणाले तर शेवटच्या दिवशी मेट्रनच्या टेबलासमोर बसून राहा, हातात घेऊनच उठा.